शेवटचं पान चांद्यात हरवलं

आधी खिशात एक कांदा ठेवा. हसू नका. आपण मे महिन्यात चांद्याला चाललोय आणि तिथल्या उन्हाशी वाद घालायचा तर खिशात कांदा लागतो, डोक्याला दुपट्टा लागतो आणि निघण्याआधी तांब्याभर पाणी पोटात लागतं. मोबाइल घरीच राहू द्या. आपण जिथे उतरणार आहोत तिथे खून वाचायचा तर तो भाड्याने आणावा लागतो.

बसा गाडीत. नागभीडहून निघालेली ही नॅरोगेजची गाडी आहे, डबा खेळण्यातला वाटावा इतका अरुंद. खिडकीच्या दांडीला हात लावू नका, चटका बसेल. इंजिनातून उडालेली कोळशाची कणी तुमच्या डोळ्यात जाणार आहे. जाऊ द्या, प्रत्येकाच्या जाते. समोरची बाई पदराच्या टोकावर फुंकर मारून ते ऊबदार टोक तुमच्या डोळ्यावर धरेल, नाव-गाव न विचारता. तिच्या पायाशी वाळलेल्या मोहफुलांचं पोतं आहे. त्याचा आंबूस-गोड वास डब्यात इतका दाटलाय की उतरताना तुमच्या कपड्यांनाही तो येणार. बाहेर सागाची झाडं पानं झाडून उघडी उभी आहेत. मधूनच तेंदूपानांचे पुडे उन्हात रांगेने मांडलेले दिसतात. गाडी अशी चालते, की उतरून टेंभरं वेचावीत आणि पुन्हा चढावं.

चांदा फोर्ट. गावाचं नाव अजून चांदाच आहे, चंद्रपूर व्हायला 1964 उजाडावं लागेल. टांगेवाल्याशी घासाघीस करा, तो रागावणार नाही. गोंडराजांनी बांधलेल्या परकोटाच्या वेशीतून टांगा आत शिरला की एक क्षण अंधार आणि गारवा, आणि दुसऱ्या क्षणी पुन्हा भट्टी. दिवसभर ऊन प्यालेला तो दगड मध्यरात्रीपर्यंत ते ओकत राहतो. दुपारचं गाव मेल्यासारखं पडलंय. घरोघरी दारांना वाळ्याच्या ताट्या लावल्यात, त्यांवर कुणी पाण्याचा हबका मारला की ओल्या वाळ्याचा वास गल्लीभर पसरतो. एवढाच वास या दुपारचं सुख.

ज्या वाड्यात तुमची उतरायची सोय केली आहे तिथे सगळे झोपलेत, एक सोडून. माजघराच्या कोपऱ्यात, धान्याच्या कोठीला टेकून बारा वर्षांचा एक पोरगा बसलाय. भूगोलाचं पुस्तक त्याने नाकाशी धरलंय. नवतपा सुरू व्हायला आलाय, शाळा कधीच्या मिटल्यात, मग भूगोल कशाला? जवळ जा. भूगोलाच्या पोटात दुसरं पुस्तक आहे. लहानसं, पिवळट, मुखपृष्ठ नसलेलं, पहिल्या पानावर फिरत्या वाचनालयाचा लंबगोल निळा शिक्का.

तेवढ्यात पलीकडून आजोबांचा आवाज येतो, "काय वाचून राह्यला गा?"

"भूगोल, आबा."

खोटं म्हणता येणार नाही. भूगोलच तो, फक्त मुंबईचा. मलबार हिलवरचा बंगला, समुद्राकडे उघडणारी खिडकी, रात्रभर कोसळणारा पाऊस, दारात येऊन थांबणारी टॅक्सी. पोराने समुद्र पाहिलेला नाही. टॅक्सी पाहिलेली नाही. इरई नदीलाही या दिवसांत गुडघाभर पाणी नाही. पण ग्रँट रोडवरून गिरगावात कसं जायचं ते त्याला विचारा, झोपेत सांगेल.

शीर्षक नाही, लेखकाचं नाव नाही, तरी पुस्तक कुणाचं ते तुम्हाला ओळखता येईल. आत धनंजय आहे, त्याचा साहाय्यक छोटू आहे, म्हणजे बाबुराव अर्नाळकर. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचं खरं नाव, 1906 चा जन्म, मुंबईत चष्म्याचं दुकान. लोकांची नजर सुधारायचं दुकान चालवणाऱ्या माणसाने अख्ख्या महाराष्ट्राच्या पोरांना चोरून, अंधारात, कंदिलाच्या उजेडात वाचायला लावून किती डोळे बिघडवले असतील, हा हिशोब कुणी केलेला नाही. हजाराच्या वर कादंबऱ्या. धनंजय-छोटू झाले, झुंजार आणि विजया झाले, काळा पहाड झाला. इंग्रजी रहस्यकथांचे सांगाडे घ्यायचे आणि त्यांना मुंबईचे कपडे चढवायचे, हे काम त्यांनी अशा सफाईने केलं, की चांद्यातल्या पोराला लंडनचा संशयही येऊ नये. याला साहित्य म्हणायचं का, असं विचारणारे मास्तर त्या काळी गल्लोगल्ली होते. त्यांच्या उशाखाली काय सापडायचं, तेही गल्लीला ठाऊक होतं.

पुस्तक उद्या परत करायचंय. मुदत चुकली तर दुसऱ्या दिवसाचं भाडं, आणि ते घरी मागणार कुणाकडे? म्हणून पोरगा संध्याकाळपर्यंत वाचतो. तुम्हीही त्याच्या खांद्यावरून वाचा. बंगल्यातला म्हातारा शेठ आतून बंद असलेल्या खोलीत मरून पडलाय. संशयित तीन: वकील, माळी, पुतण्या.

सूर्य बुडतो आणि गावभर सिगड्या पेटतात. हा वास विसरू नका. कोळशाच्या गावाचा हा वास आहे. प्रत्येक अंगणात लोखंडी सिगडी, तिच्यातून उठणारा जाड पांढरा धूर, आणि तो धूर गल्लीच्या उंचीवर आडवा पसरून डोळे चुरचुरवतो. जेवणात आंबील, कांदा, झुणका. मग अंगणात पाणी शिंपडतात, तापलेली जमीन फुसफुसते, आणि बाजा बाहेर येतात. तुम्हालाही एक बाज मिळाली आहे. सुंभ पाठीला टोचेल. शेजारच्या बाजेवर पोरगा कंदिलाची वात बारीक करून वाचतोच आहे. धनंजयने सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलंय. तो उभा राहतो, उजवा हात वर करतो, एका दिशेला बोट उचलतो, आणि पान संपतं. पुढे एकच पान उरलंय.

उलटा की!

पण दिवसभराच्या उन्हाने तुमचं अंग आंबलंय, वारा नुकताच सुटलाय. पोराची मान कलंडते. तुमचेही डोळे मिटतात.

पहाटे जाग येते ती आजीच्या खोकल्याने. ती सिगडीपाशी बसली आहे. बुडाला गोवऱ्यांचे तुकडे, वर कोळसे, आणि पेटवायला कागद. बाजेखाली पडलेल्या पुस्तकातून एक सुटं पान लोंबत होतं, तेवढंच तिने घेतलंय. आजी वाचू शकत नाही. कागद एका कडेने काळा होतो, अक्षरं क्षणभर उलटी चमकतात. तुम्ही वाकून पाहायचा प्रयत्न कराल, आणि धूर नेमका तुमच्याच तोंडावर येईल.

चला. या गावात आणखी थांबलो तर पोराचं रडणं ऐकावं लागेल.

आता नाक धरा. नाही म्हणजे, नाही धरलंत तरी चालेल, दहा मिनिटांत सवय होते असं इथले लोक म्हणतात. सडक्या कोबीसारखा, उकडलेल्या अंड्यासारखा हा वास आला म्हणजे झोपेतल्या प्रवाशालाही कळतं, बल्लारशाह आलं. सत्तरच्या दशकातली रात्र आहे. गावाचं नाव बल्लारपूर, स्टेशनचं बल्लारशाह, आणि वास कागदाच्या गिरणीचा. दिवसभर ट्रकमागून ट्रक बांबू ओततात. गडचिरोलीकडच्या जंगलातून निघालेला हिरवा बांबू इथे चिरला जातो, शिजतो, लगदा होतो आणि पांढरा होऊन बाहेर पडतो.

फलाटावर ग्रँड ट्रंक एक्सप्रेस फुसफुसत उभी आहे, दिल्लीहून मद्रासला निघालेली. तेलुगू, तमिळ, हिंदी आणि आपली वऱ्हाडी एकमेकींच्या पायावर पाय देतायत. ‘चाय, चाऽय’ची आरोळी, केळीच्या सालींवरून घसरणारे हमाल, बाकड्याखाली झोपलेलं कुत्रं. पुस्तकांच्या स्टॉलवर पिवळा दिवा, आणि त्याखाली मांडलेले खून! पिस्तूल, लाल साडी, लांब सावली. गुरुनाथ नाईकांचं राज्य आहे हे. गोव्याचा हा माणूस महिन्याला अनेक कादंबऱ्या लिहितो, त्याचीही संख्या पुढे हजार ओलांडणार आहे. कॅप्टन दीप, गरुड, शिलेदार, गोलंदाज. धनंजयच्या काळचे गुन्हे दिवाणखान्यात व्हायचे. आता ते धावत्या गाडीत आणि सरहद्दीवर होतात. हिंदी पॉकेट बुकंही शेजारीच, कारण गाडी दहा भाषांतून जाते.

बाकड्यावर गिरणीतला एक कारकून बसलाय. पाळी सुटली, पण घरी उकडतंय म्हणून इथे हवा खायला आलाय. त्याच्या हातातलं पुस्तक मात्र स्टॉलवरचं नाही. पिवळट, मुखपृष्ठ नाही. निळा लंबगोल शिक्का. ओळखलंत?

"शेवटचं पानच नाही हो," तो तुम्हाला म्हणतो. अनोळखी माणसाजवळ दुःख सांगायला फलाटासारखी जागा नाही. "वाचनालय मोडीत निघालं तेव्हा रद्दीत घेतलं मी. तीनदा वाचून झालं. धनंजय बोट उचलतो अन् खलास."

मग तो आवाज खाली आणतो. "पण मला माहीत आहे कोण ते. वकील. त्या शेठच्या सगळ्या कागदांवर सही कोणाची? ज्याच्या सहीने पैसा हलतो ना, तोच. अकरा वर्षं हेच पाहून राह्यलो मी."

शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढून तो शेवटच्या पानाच्या तळाशी, उरलेल्या दोन बोटं जागेत लिहितो: खुनी वकील. खाली रेघ मारतो, कारकुनाला शोभेल अशी, पट्टी न घेता सरळ.

तुमच्या डोक्यात एक शंका आली आहे, मला कळलं. मलबार हिलवरचा खून ज्या कागदावर छापला तो कागद इथल्याच बांबूचा असेल काय? म्हणजे मुंबईतली ती पावसाळी रात्र मुळात गडचिरोलीच्या रानात हिरवी उभी होती? विचार सुंदर आहे, पण पुरावा नाही. असली पुस्तकं बहुधा हलक्या वर्तमानपत्री कागदावर निघायची, आणि त्या कागदाची सरकारी गिरणी तिकडे नेपानगरला. धनंजयने हा धागा सोडून दिला असता. मला सोडवत नाही.

शिट्टी झाली. कारकून उठला, पुस्तक बाकड्यावर ठेवून कुणालातरी हाक मारायला गेला. गर्दी आली, गेली. पुस्तकही गेलं.

छत्री आहे ना? नसली तरी हरकत नाही, इथल्या पावसात छत्रीचा उपयोग काठीसारखाच होतो. आपण भामरागडला आहोत. गडचिरोली 1982 साली वेगळा जिल्हा झाला त्यानंतरचा हा पावसाळा. अहेरी, आलापल्ली करत वस्तीची एसटी काल संध्याकाळी इथे आली आणि रात्रीत पर्लकोटेला पूर आला. पूल पाण्याखाली. आता पाणी उतरेपर्यंत ना गाडी जाणार, ना डाक येणार, ना भाजी. कुणी घाबरलेलं नाही. दरवर्षीचं आहे.

ड्रायव्हर, कंडक्टर, एक शिक्षक, एक वनरक्षक आणि तुम्ही, असे पाच जण शाळेच्या पडवीत चुलीभोवती बसलात. ओल्या लाकडाचा धूर, ओल्या खाकीचा कुबट वास, कौलांवर पावसाचा असा आवाज की ओरडून बोलावं लागतं. डास मोजायचे सोडून द्या. भात आणि वाळलेल्या मासळीचं कालवण पानात पडलंय. तिखट आहे, नाकातून पाणी येईल, पण अंगात ऊब भरेल. पडवीच्या कडेला एक माडिया म्हातारा उकिडवा बसून पावसाकडे पाहतोय.

कंडक्टरच्या चामडी पिशवीत तिकिटांच्या गठ्ठ्याखाली दोन पुस्तकं निघतात. एक सुहास शिरवळकरांचं, त्यातला दारा बुलंद ड्रायव्हरचा लाडका. दुसरं... हो, तेच. गाडीत कुणीतरी विसरलं होतं म्हणे. ओल आलेल्या पानांना आता वाळवीच्या मातीचा वास येतोय.

कंडक्टर मोठ्याने वाचतो. वाफाळत्या भाताच्या या चुलीपाशी पुन्हा मलबार हिलवर पाऊस पडायला लागतो. खिडकीखालच्या वाफ्यात दुसऱ्या दिवशी दुपारी बुटाचा ठसा सापडतो, स्पष्ट, टाचेच्या खिळ्यांसकट.

"थांब," वनरक्षक म्हणतो. इतका वेळ तो विडी ओढत गप्प होता. "रातभर पाणी येत होता ना? मंग ठसा धुऊन नाही गेला काहून?"

सगळे गप्प.

तो तुम्हाला समजावतो. वाघाचा ठसा दिसला की आधी कडा पाहायच्या. कडा ढासळल्यात का, दव पडलंय का, रात्री फिरणाऱ्या किड्याची रेघ ठशावरून गेली आहे का. रेघ वरून गेली असेल तर वाघ रात्रीच गेला, ठशाने रेघ मोडली असेल तर आत्ता, आणि मग मागे पाहायचं. मागच्या पायाचा ठसा काचेवर उतरवायचा. चौकोनी वाटला तर नर, लांबट वाटला तर मादी. सागाची चोरी झाली तरी तेच. पकडलेल्या ओंडक्यावरचा हातोडीचा शिक्का आणि रानातल्या थुटावरचा शिक्का जुळवायचा. नाही जुळला तर थुटाची वळी आणि ओंडक्याची वळी शेजारी ठेवायच्या. झाड खोटं बोलत नाही, तो म्हणतो. "ह्या तुमच्या डिटेक्टिवला ठसा सापडला अन् तो खूश. ठसा पाणी थांबल्यावर पाडलेला आहे. मुद्दाम. वाफ्यात सकाळी पाय ठेवला तर कोणी विचारणार नाही असा माणूस कोण? माळी."

ड्रायव्हर टाळी देतो. शिक्षक म्हणतो की माळ्याला बूट परवडणार नाहीत. वाद पेटतो. शिक्षक सगळी गोष्ट माडियात त्या म्हाताऱ्याला सांगतो. तो शांतपणे ऐकतो, एकच प्रश्न विचारतो आणि पुन्हा पावसाकडे तोंड करतो.

"काय म्हणाले?" तुम्ही विचारता.

"म्हणतात, गावाला विचारलं का?"

दीडशे पानांच्या पुस्तकात धनंजयने शेजाऱ्याचं दार एकदाही ठोठावलेलं नाही. कंडक्टर पुन्हा पानं चाळून खात्री करून घेतो. मग तिकिटांवर टिकमार्क करायची निळी पेन्सिल काढतो आणि कारकुनाच्या ओळीखाली, बहुमताने, लिहितो: माळी.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरतं. पुलाच्या कठड्याला अडकलेलं गवत, झाडाच्या फांद्या आणि एक चप्पल मागे टाकून एसटी निघते.

थंडी वाजते आहे? शाल घ्या. धान निघालंय, दिवाळी होऊन गेली आहे आणि झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागलाय. दिवसा गावात शंकरपट झाला, बैल धावले. आता रात्री त्याच गावात मंडप आहे. देसाईगंज म्हणजे वडसा, तिथून नाटक मंडळी आली आहे. खाली तणसावर बसा, बूड गरम राहतं. पोरं, म्हाताऱ्या, गरोदर सुना, नवे जावई, आसपासच्या चार गावांचे पाहुणे. भाजलेल्या शेंगांचा वास, पेंगणाऱ्या पोरांची चिरचिर, ऑर्गनचा आवाज. रात्री उशिरा पडदा उघडतो तो पहाटेशिवाय मिटत नाही.

खरी मौज रंगमंचावर नाही, विंगेत आहे. प्रॉम्प्टरजवळ सरका. इथले नट आज एक नाटक करतात, उद्या दुसऱ्या गावी दुसरं, त्यामुळे सगळा खेळ या माणसाच्या घशावर चालतो. तोंडाला मफलर, मांडीवर नाटकाची वही, आणि वही सपाट राहावी म्हणून खाली घातलेलं एक पिवळट पुस्तक. तो तुमच्याकडे पाहून डोळा मारतो.

रंगमंचावर इन्स्पेक्टर शिरतो. खलनायक पडद्यामागे लपलाय. इन्स्पेक्टरला तो दिसत नाही, पण हजार माणसांना दिसतो. "मागे पाय ना गा, मागे!" एक म्हातारी उठून ओरडते. धनंजयला इतकी मदत कुणी कधी केली नव्हती. इन्स्पेक्टर क्षणभर गोंधळतो, मग तिच्याकडे पाहून मान डोलावतो आणि मागे वळतो. मंडप कोसळायचा बाकी राहतो.

मध्यंतरात प्रॉम्प्टर पुस्तक उघडून दाखवतो. त्याची ओळ तिसरी आहे, बॉलपेनची: पुतण्या. शेवटी काकूच्या पाया पडतो.

"असं असतं तरच आमच्याकडे चालते," तो म्हणतो. "वकील खुनी निघाला तर रडणार कोण?"

आता शेवटचा मुक्काम. कांदा आहे ना अजून? आजचं चंद्रपूर, पुन्हा मे. गाड्यांच्या गर्दीत जटपुरा गेट तसंच उभं आहे. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दुपारच्या पांढऱ्या आभाळात दिसतात, आणि दुकानाच्या पायरीवर बोट फिरवलं तर बोट काळं होतं. सिगड्या गेल्या. अंगणात बाजा टाकणं गेलं. मध्ये दूरदर्शनवर ब्योमकेश बक्षी येऊन गेला, शिवाजी साटमांच्या सीआयडीने वर्षानुवर्षं दारं तोडली, आणि आता खून प्रत्येकाच्या तळहातावर उजेडासकट होतात. कूलरचा घरघराट गल्लीभर आहे. वाळ्याचा वास मात्र तोच, कूलरच्या जाळीतून येणारा.

रद्दीच्या दुकानात शिरा. आत जुन्या कागदाची, उंदरांची आणि शाईची ऊब आहे. वजनकाट्याशेजारी जुनी पाठ्यपुस्तकं, लग्नपत्रिका, स्पर्धा परीक्षांचे गठ्ठे. हात घाला. आणखी खाली. हा लंबगोल शिक्का आता निळा नाही, राखाडी झालाय. पानांतून एकेक वास सुटतो, धूर, ओल, तणस. शेवटचं पान उघडा. धनंजय उभा आहे, हात वर, बोट अजून हवेत. खाली पेन्सिल, निळी पेन्सिल, बॉलपेन. त्यांच्याही खाली, कागदाच्या अगदी कडेला, एका ओळीपुरती जागा उरली आहे.

तुमचा हात खिशाकडे जातो. पेन आहे.

"घेता का गा," दुकानदार काट्यावरून विचारतो, "का उभ्या उभ्याच वाचता?"